डब्यातल्या सव्वीस किल्ल्या

किल्लीवाल्याने त्या दिवशी सकाळी दुकान उघडलं ते आवरायला. खिळ्यांवर टांगलेल्या लोकांच्या जादा किल्ल्या एकेक करून त्याने पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. दुपारी सुनावणी होती. निकाल उलटा लागला तर तिथूनच थेट देशाबाहेर रवानगी. बायकोने दोन शर्टांची पिशवी भरून ठेवली होती आणि त्या पिशवीकडे बघायचं दोघंही टाळत होते.

आता खरं सांगायचं तर गडी काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. विशीत परदेशातून आला. हातात कला, डोक्यात हवा. एका दुकानाचं कुलूप नको तेव्हा उघडलं आणि तीन वर्षं तुरुंगात काढली. सुटल्यावर या गल्लीत कुलूपदुरुस्तीचं दुकान टाकलं, तशी गल्ली खवळली. "बाहेरचा, त्यात चोर, आणि धंदा काय तर कुलपांचा! वा रे वा!" असं म्हणत पोस्टातून निवृत्त झालेल्या बाई दारोदार हिंडल्या. याला हाकला म्हणून सरकारकडे तीस सह्यांचा अर्ज केला. पहिली सही त्यांचीच.

मग एकदा काय झालं, गॅसवर दूध ठेवून बाई बाहेर आल्या आणि मागे दार धाडकन लागलं. किल्लीवाला धावत आला. अर्ध्या मिनिटात दार उघडलं, दूधसुद्धा उतू गेलं नाही.

"एवढ्या लवकर?" बाई फणकारल्या. "जुनी सवय मोडलेली दिसत नाही तुझी!"

पण आठवड्याने त्यांनीच घराची जादा किल्ली त्याच्यापुढे आपटली. "ठेव. पुन्हा माझ्या कुलपाला हात लावायला नको." बाईंनी ठेवली म्हटल्यावर बाकीचेही हळूहळू येऊ लागले.

आठ वर्षं अशी गेली; चोरीच्या शिक्षेमुळे निघालेला देशाबाहेर काढण्याचा हुकूम मात्र डोक्यावर तसाच होता. यंदा कायदा बदलला. शिक्षा भोगून सरळ राहिलेल्यांचं प्रकरण पुन्हा ऐकायचं, शेजाऱ्यांनाही विचारायचं, असं ठरलं. म्हणून ही सुनावणी.

जाताना त्याने डबा बाईंकडे दिला. "परत आलो नाही तर ज्याच्या त्याला द्या."

"मी काय तुझी नोकर आहे?" बाई म्हणाल्या, आणि डबा काखोटीला मारून त्या नवरा-बायकोबरोबरच निघाल्या.

सुनावणीत अधिकाऱ्याने जुना अर्ज पुढे सरकवला. "बाई, ही पहिली सही तुमचीच ना?"

किल्लीवाल्याची नजर बायकोच्या हातातल्या पिशवीकडे गेली.

"माझीच. चोरी त्याने केलीच होती, ते मी आजही नाकारत नाही," बाई म्हणाल्या. "पण या तीस जणांपैकी सव्वीस जणांच्या घराच्या किल्ल्या या डब्यात आहेत. प्रत्येकीला नावाची चिठ्ठी आहे. घ्या ताडून."

अधिकाऱ्याने खरंच ताडून पाहिलं. एकेक किल्ली, एकेक सही. किल्लीवाल्याचा जीव टांगणीला लागला होता. शेवटी डब्याचं झाकण लावून अधिकारी म्हणाला, "यांना इथे राहायची परवानगी आहे."

बाहेर पायरीवर किल्लीवाला मटकन बसला आणि हमसून हमसून रडला. "सुटलो गं, सुटलो एकदाचा," एवढंच तो बायकोला म्हणत राहिला. तिने पिशवीतला शर्ट काढून त्याचं तोंड पुसलं. "अहो, पुरे आता! उद्या दुकानात हाच घालायचाय."

"रडतोस काय लहान पोरासारखा?" बाईंचेही डोळे भरले होते, पण आवाज तोच. "चल, दुकान उघड. त्या उरलेल्या चौघांकडे मी बघते."

संध्याकाळी त्याने किल्ल्या पुन्हा खिळ्यांवर टांगल्या. बाईंची सगळ्यात आधी.