चोराने तिकीट सोडलं होतं

त्या प्रकरणाचा कागद मोठा नव्हता. एक तक्रारी अर्ज, पाच जबाब आणि स्टेशन डायरीतल्या चार नोंदी. खून-दरोड्यांच्या जाडजूड फायली मी विसरलो, पण हा पातळ कागद काही डोक्यातून जात नाही. कारण त्या प्रकरणात मी एका भल्या माणसाला दोन दिवस ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवलं होतं.

निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं आणि नांदेडच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. मार्चमध्ये लातूरचे एक मिस्त्री अर्ज घेऊन आले. वय साठीच्या आसपास, डिझेल पंप आणि नोझलचं काम करणारे. हात स्वच्छ धुतलेले, तरी रेघांत काळं तेल बसलेलं. ठाणे अंमलदार त्यांना परत पाठवायला निघाला होता, ‘लातूरची तक्रार लातूरला द्या’ म्हणून. पण ज्याच्याविरुद्ध अर्ज होता त्या यात्रा कंपनीवाल्याचं ऑफिस आमच्याच हद्दीत होतं. मी अर्ज ठेवून घेतला.

अर्जातली गोष्ट मला समजायलाच अर्धा तास गेला. फ्रान्समध्ये दर जूनला मोटारींची चोवीस तासांची शर्यत असते. एक गाडी, तीन ड्रायव्हर, आळीपाळीने चालवायची, दिवस नाही रात्र नाही. मिस्त्रींनी तरुणपणी एका जुन्या मासिकात तिचे फोटो पाहिले होते आणि तेव्हापासून ते मनात धरून होते.

“साहेब, आपल्याकडं ट्रॅक्टर रातभर चालला की सकाळी माझ्या दारात येतो,” ते म्हणाले. “ते लोक इंजिन चोवीस तास कसं टिकवत्यात, एवढंच मला डोळ्यानं बघायचंय.”

या शर्यतीचं तिकीट म्हणजे एक तिकीट नसतं. आत शिरायचं तिकीट वेगळं आणि मैदानात तंबू ठोकायला जागा हवी तर तिचं वेगळं. आपल्या जत्रेत पाल टाकायला जागा धरतात तसंच, फक्त आठ महिने आधी. यात्रावाल्याने दिवाळीच्या सुमारास संगणकासमोर बसून दोन्ही मिळवली होती. त्याने मिस्त्रींना आधी शहरातलं हॉटेल सुचवलं होतं, रेल्वेने तासाभराच्या अंतरावरचं. मिस्त्रींनी ते झटकून टाकलं. “रात्री गाड्या पळणार आन् मी तासभर लांब खोलीत घोरू? मग लातुरातच घोरतो की,” असं ते म्हणाले होते.

आता व्हिसाचे कागद काढताना कळलं होतं, की ती तंबूची जागाच गायब झाली आहे. कोणीतरी ती रद्द केली होती आणि रद्द होताक्षणी ती रांगेतल्या दुसऱ्या कोणालातरी गेली होती. तीन आठवड्यांनी मिस्त्रींची व्हिसाची तारीख होती. तिथे राहणार कुठे याचा कागद दाखवावा लागतो. तो कागदच उरला नव्हता आणि आजूबाजूची हॉटेलं तर कधीच भरली होती.

“औंदा न्हाई तर न्हाईच, साहेब,” मिस्त्री म्हणाले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसवले होते. डॉक्टरांनी यंदा प्रवासाला होकार दिला होता. पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही, असंही बजावलं होतं.

दुसऱ्याच दिवशी खबर आली. रेल्वे स्टेशनसमोर चहा विकणारा आमचा एक जुना खबऱ्या होता. तो म्हणाला, “साहेब, त्यो यात्रावाला हैदराबादची एक पार्टी बी त्याच शर्यतीला पाठवून राहिला. तंबूला जागा न्हाई म्हनत्यात, मग ह्याला कुठून गावली?”

माझ्या डोक्यात गणित झटकन सुटलं. मिस्त्रींची जागा काढून घेतली आणि बड्या पार्टीला जास्त भावाने दिली. बुकिंगच्या खात्याचा पासवर्ड होता फक्त यात्रावाल्याकडे. आणखी काय पाहिजे?

तो स्वतःहून ठाण्यात आला. माझ्याच वयाचा, कपाळाला गंध, काखेत डायरी. मी मात्र पहिल्या वाक्यापासून अरे-तुरेवर आलो. “जागा कोणाला विकलीस?”

“विकली नाही, साहेब. हैदराबादच्या पार्टीची जागा त्यांच्या त्यांच्या नावावर आहे, हे बघा कागद. मी तीस वर्षं लोकांना काशीला नेतोय. कोणाचा तांब्या हरवला तरी मी नवा घेऊन दिलाय.”

“तांब्याचं सांगू नको. बस तिथं.”

तो बसला. सकाळी यायचा, संध्याकाळी मी सोडायचो. अटक नाही, गुन्हा दाखल नाही, नुसतं बसवणं. ही आमची जुनी खोड. माणूस बाकावर बसून बसून आपोआप बोलतो, असा आमचा समज. पण ठाण्यात दिवसभर गावातली माणसं येत-जात असतात. त्यांनी त्याला पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एका नवरा-बायकोने त्याच्या काशीयात्रेतून नावं काढून घेतल्याचा फोन त्याला आला. तो माझ्यासमोरच बोलत होता. “हरकत नाही, ताई,” एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला.

मग जरा वेळाने तो मला म्हणाला, “साहेब, एक विचारू? मी चोर असतो तर आत शिरायचं तिकीट कशाला सोडलं असतं? त्याला तर तंबूपेक्षा जास्त मागणी आहे.”

मी म्हणालो, “मला तपास शिकवू नको.”

खरं तर सगळ्या प्रकरणाची किल्ली त्याने माझ्या हातात ठेवली होती. पण मानपानात अडकलेल्या पोलिसाला दिसत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, तो प्रकार मी अगदी मन लावून करत होतो.

तिसऱ्या दिवशी पुरवणी जबाब घ्यायला हवालदाराला बरोबर घेऊन लातूरला गेलो. मिस्त्रींचं गॅरेज शोधावं लागलं नाही. चौकातच विजेच्या खांबाला दहा फुटी बॅनर. त्यावर मिस्त्री काळा गॉगल लावलेले, डोक्यावरून विमान चाललेलं आणि वर मोठ्या अक्षरांत ‘परदेशवारीस हार्दिक शुभेच्छा’. खाली अकरा मित्रांचे फोटो. आणि मधोमध तिकीट आणि तंबूच्या जागेची पावती, हुबेहूब छापलेली. बुकिंगचा एकेक आकडा माझ्या तळहाताएवढा.

मी जीप थांबवून त्या बॅनरखाली उभा राहिलो. मिस्त्री हात पुसत आले. “मित्रमंडळानं लावलंय. लई झ्याक हाय ना?”

“मिस्त्री, तुम्ही घराची किल्ली चौकात टांगलीत.”

त्यांना कळेना. “मग लोकांना पटायला नको का, साहेब? चौकात सगळे म्हनून राहिले होते, मिस्त्री फेकतोय. म्हनून तिकीटच छापलं.”

आपल्याकडे पोरगं दहावी झालं तरी बॅनर लागतो, तेव्हा मित्रमंडळाला दोष तरी काय द्यायचा? हाच बॅनर फोटो होऊन नातेवाइकांच्या फोनवर फिरला होता. म्हणजे आता सगळं लातूर आणि सगळे पाहुणेरावळे संशयित.

मिस्त्रींच्या परवानगीने हवालदाराने त्यांच्या फोनवरची मेल उघडली. ती मेल त्यांनी जन्मात कधी उघडली नव्हती. रद्द केल्याची पावती तिथेच पडून होती. मी सायबरच्या पोराला फोन लावून ती वाचून घेतली. जागा पासवर्डने रद्द झालेली नव्हती. पासवर्ड माहीत नसणाऱ्यासाठी दुसरी वाट असते, बुकिंगचा आकडा आणि जन्मतारीख भरायची. त्या वाटेने झाली होती. यात्रावाल्याकडे तर पासवर्ड होता. तो मागच्या खिडकीतून कशाला शिरेल?

मला तिथेच पहिल्यांदा लाज वाटली. त्याला फोन करून, आता ठाण्यात यायची गरज नाही, असं सांगितलं. मग त्यालाच विचारलं, “जन्मतारीख एक जून टाकली होती ना?”

एक जून म्हणायचं कारण आमच्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. खेड्यातल्या शाळेत नाव घालताना मास्तर सगळ्यांनाच एक जून लावून द्यायचे. मिस्त्रींच्या आधार कार्डावर तीच होती, पासपोर्टावर तीच आणि गॅरेजमधल्या वाढदिवसाच्या जुन्या बॅनरवरही तीच.

“नाही, साहेब,” तो म्हणाला. “त्यांनी मला दुसरीच सांगितली. ऑगस्टमधली. मोठ्या कौतुकाने सांगितली, म्हणून मीही तीच टाकली.”

मी मिस्त्रींकडे वळलो. “ही ऑगस्टची तारीख कोणाकोणाला ठाऊक आहे?”

“कोनाला न्हाई. मी पोळ्याच्या दिवशी जल्मलो, एवढं माझी आई सांगायची. आमच्या बाईनं, म्हंजी लेकीनं, जुनी पंचांगं धुंडाळून तारीख काढली. मला पन्नास झाले तवा तिनं पैल्यांदा माझा खरा वाढदिवस केला. घरातच, दोघांनी. तिची आई तर कवाच गेली.” बोलता बोलता ते थांबले. हातातला पाना त्यांनी खाली ठेवला. “न्हाई साहेब. आमची बाई असलं करायची न्हाई.”

त्यांची लेक मुखेडला शिक्षिका होती. बाईमाणसाला चौकशीला ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या घरी जायचं असतं. म्हणून महिला कॉन्स्टेबलला बरोबर घेऊन शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेलो. दार उघडून तिने आम्हाला पाहिलं आणि काही न विचारता आत खुर्च्या मांडल्या.

“सर, मी तिकिटाला हात लावलेला नाही,” ती म्हणाली. “फक्त तंबू. अण्णा तिथे जमिनीवर झोपणार, गार हवेत, रात्रभर त्या आवाजात. छातीत दुखलं तर सांगायला भाषा येत नाही. खोली घ्या म्हणून मी हात जोडले. मला वाटलं, तंबू गेला की झक मारत खोली घेतील. खोल्या संपल्यात आणि व्हिसा अडतो, हे मला माहीत नव्हतं, सर.”

“आणि यात्रावाले? दोन दिवस बाकावर होते ते.”

“अण्णांनी फोनवर सांगितलं तेव्हापासून फळ्यावर नीट अक्षर येत नाही माझं. पण अण्णांना तोंड कसं दाखवू?”

मी खूप कबुलीजबाब ऐकले आहेत. हा ऐकताना मला माझ्याच पोरीची आठवण झाली. पण तुमच्या वतीने मी सांगणार नाही, तुम्हीच सांगा, असं मी तिला स्पष्ट सांगून आलो.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ती ठाण्यात आली, मिस्त्री आले, यात्रावाल्यालाही मी बोलावलं. या खेपेला त्याला खुर्ची दिली. तिने उभ्यानेच सगळं सांगितलं.

“मला इचारायचं तरी,” मिस्त्री म्हणाले.

“विचारलं होतं, अण्णा. चार वेळा.”

“हाव,” ते म्हणाले. “इचारलं होतंस.”

तेवढ्यात यात्रावाल्याने डायरी उघडली. त्याला खरं तर आमच्या कोणाच्याच मदतीला यायचं कारण नव्हतं. तो म्हणाला, “मैदानापासून पायी अर्ध्या तासावर एक गाव आहे. तिथले म्हातारा-म्हातारी शर्यतीपुरती एक खोली देतात. मी दिवाळीतच त्यांना लिहून ठेवलं होतं. मिस्त्री तंबूत टिकतील असं मलाही वाटत नव्हतं. परवा पुन्हा विचारलं, खोली अजून आहे. कागदही देतात.” मग लेकीकडे बघून म्हणाला, “दोन खाटा आहेत.”

मिस्त्रींनी अर्ज मागे घेतला. तो जबाब मी स्वतः लिहायला बसलो. नाव, गाव, धंदा. सवयीने विचारलं, “जन्मतारीख?”

मिस्त्रींनी लेकीकडे पाहिलं. “एक जून लिवा, साहेब. ती दुसरी घरातली हाय. ती आता भायेर न्हाई जायची.”

इतका वेळ कोरड्या डोळ्यांनी उभी असलेली ती बाई तेव्हा रडली.

जूनच्या शेवटी बाप-लेक पेढे घेऊन आले. मिस्त्रींनी माझ्या टेबलावर कानात घालायचे दोन बोळे ठेवले. “तिथं वाटत्यात, साहेब. मी घातलेच न्हाईत. आवाज ऐकायलाच तर गेलो होतो.” दिवसभर त्यांनी गाड्या पाहिल्या. एका गाडीची आख्खी गिअरपेटी डोळ्यादेखत बदलली, ती हकिगत त्यांनी मला दोनदा सांगितली. मग खोलीवर येऊन ते गाढ झोपले.

“आणि तुम्ही, मॅडम?”

“मी खिडकीशी बसले होते. एका गाडीचा आवाज वेगळा होता, जरा घोगरा. फेरी पुरी करून तो परत आला की बरं वाटायचं. एकदा बराच वेळ आला नाही, तेव्हा मी उठून अण्णांचा श्वास बघितला.” मग ती हसली. “नंतर आला, सर.”

गुन्हा घडला की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, फायदा कोणाचा? पस्तीस वर्षं मी तोच विचारला. भीती कोणाला वाटत होती, हे विचारायचं मला त्या बाईने शिकवलं. चोराने महागाचं तिकीट सोडून नुसती झोपायची जागा काढून घेतली, तिथेच मला कळायला हवं होतं की हा घरचा माणूस आहे.

यात्रावाल्याची माफी मी तेव्हा मागितली नाही. खुर्ची दिली, चहा पाजला आणि तेवढ्यात भागवलं. निवृत्तीनंतर एक दिवस त्याच्या ऑफिसात गेलो. आत गिऱ्हाइकं होती. बाहेर बाक होता, त्यावर तासभर बसलो. येणारे-जाणारे बघत होते, बघू दिलं. माझी पाळी आल्यावर सगळ्यांसमोर हात जोडून म्हणालो, “माझं चुकलं होतं. काशीच्या यादीत आम्हा दोघा नवरा-बायकोची नावं घाला.”

त्याने डायरी उघडली. नावं लिहिली. मग विचारलं, “जन्मतारीख, साहेब?”

“एक जून,” मी म्हणालो.

त्याने पेन थांबवून वर बघितलं. “आणि खरी?”

“ती सांगणारी आई गेली,” मी म्हणालो. “एक जूनच लिहा.”