अभिप्रायाचा फोन

आमच्या पोलिस मदत केंद्रात फोन घेणाऱ्याच्या हातात गाडी नसते, हे माझ्या घरच्यांनाही पटत नाही. मी नागपुरात बसून राज्यातल्या कुठल्याही गावाचा फोन घेते. काय झालं, कुठे झालं ते लिहून घेते. ते त्या भागाच्या नियंत्रण कक्षाला दिसतं आणि तिथला माणूस जवळची गाडी पाहून तिला निरोप पाठवतो. माझं काम तिथे संपतं. पुढे काय झालं ते सहसा कळत नाही. एकदा कळलं.

दुपारची पाळी होती. फोनवरची बाई फार हळू बोलत होती. "तो मारून राहिला मॅडम. आत्ता बाहेर गेला, येईन तो परत." नागपूरलगतच्या हिंगण्याच्या कारखान्यांमागच्या वस्तीत भाड्याची खोली, यापलीकडे तिला पत्ता सांगता येईना. माझ्या पडद्यावर तिच्या मोबाईलच्या टॉवरचं वर्तुळ होतं, पण त्यात अख्खी वस्ती मावत होती. जवळ काय आहे, असं पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा आटाचक्कीची गल्ली आणि निळं दार एवढं मिळालं. ठेवताना ती म्हणाली, "मी फोन केला म्हून त्याले सांगू नका. मी शेजारणीचं नाव सांगीन."

"कोणी नाही सांगणार, ताई," मी म्हटलं.

गाडी वेळेत पोहोचली. 'घरगुती वाद, पतीस समज दिली' असा शेरा पडला आणि प्रकरण बंद झालं.

तीन दिवसांनी मला अभिप्रायाच्या टेबलावर बसवलं. बंद झालेल्या प्रकरणांतल्या लोकांना उलट फोन करून विचारायचं, मदत आली का, समाधान झालं का. वाक्य ठरलेलं, समोर नुसते क्रमांक. त्यातला एक फोन पुरुषाने उचलला. मी वाचून दाखवल्यासारखं बोलले, "नमस्कार. या क्रमांकावरून आपण पोलिस मदतीसाठी फोन केला होता. मदत वेळेत मिळाली का?"

त्याने विचारलं, "ह्याच नंबरवरून?"

"हो."

"हा तं माह्या बायकोचा नंबर आहे."

मागून हळू आवाज आला, "कोणाचा फोन आहे?" तो आवाज मी ओळखला. फोन कट झाला.

मी उठून पर्यवेक्षक मॅडमकडे गेले. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "ठरलेलंच वाक्य बोललीस ना?"

"हो."

"मग तुझी काही चूक नाही."

मी नवीन नोंद केली. गाडी पुन्हा गेली. 'दारास कुलूप, फोन करणारी महिला मिळून आली नाही' असा शेरा आला. तोवर मी खुर्चीवर परत बसून यादीतले उरलेले फोन करत होते, सगळ्यांना नमस्कार म्हणत. ते मला अजून सहन होत नाही.

सुटीच्या दिवशी स्कूटी घेऊन गेले. नियमात बसत नव्हतं. निळ्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या उंबऱ्यावर एक बाई पालक निवडत होती. मी त्या घरच्या ओळखीची आहे असं खोटंच सांगितलं.

"गेले वं ते," ती म्हणाली. "सामान भरून त्याच्या गावाले. कोणतं गाव, आमाले माहीत नाही. पोलिस आले त्या दिवशी तो माह्या दारात येऊन भांडला. म्या म्हटलं, हो, म्याच केला फोन, काय करतं करून घे. म्या नव्हता केला. पण तेवढ्यानं थे वाचली. मंग कोण्या पोलिसवालीनं फोन करून त्यालेच सांगून टाकलं." तिने माझ्याकडे पाहिलं. "काहून केलं असन वं असं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. तिने दिलेलं पाणी प्यायले आणि निघाले.

ते वाक्य बदला, असा अर्ज मी दिला. मसुदा वरून आलेला आहे, असं तोंडी उत्तर मिळालं. आता मी आधी प्रत्येक क्रमांकाची जुनी नोंद उघडून बघते आणि बाईच्या प्रकरणात पुरुषाने फोन उचलला की 'राँग नंबर' म्हणून ठेवून देते. ही संभाषणं तपासली जातात आणि माझे गुण कापले जातात. मागच्या महिन्यात मॅडमनी बोलावून विचारलं, असं का करतेस. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, एका बाईमुळे किती दिवस असं करणार. तिचा नंबर अजून बंद लागतो.