हाताच्या पुढं दुखतंय

या ग्रुपवरचे अनुभव मी जेवताना बायकोला वाचून दाखवतो आणि आम्ही दोघं हसतो. पिंपळ, हडळ, चकवा... यातलं काही मला कधी पटलं नाही, आजही पटत नाही. गाडी बंद पडली की प्लग बघायचा, कार्बोरेटर बघायचा, कारण सापडतंच. वीस वर्षं हाच धंदा आहे माझा. एकाच गोष्टीचं कारण सापडलेलं नाही, आणि त्यात चूक माझी आहे. म्हणून टोपणनावाने लिहितोय.

शिनोलीत, घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रोडला माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे, मागे स्लॅबचं घर. आम्ही मूळचे वरचे, डोंगरातले. भात, नाचणी आणि उन्हाळ्यात जंगलातला हिरडा गोळा करायचा. वडील गेल्यावर आई खाली आमच्याकडे राहायला आली ती एक गाठोडं आणि तिची आकडी घेऊन. आकडी म्हणजे सोळा फुटी बांबू, टोकाला लोखंडी हूक. त्याने फांदी खाली ओढून हिरडा तोडायचा. लग्नानंतर तिच्या सासऱ्यांनी करून दिलेली, चुलीच्या धुरावर काळी झालेली काठी. दर सीझनला पिकअपच्या टपावर ती बांधून आई वर जायची, माझ्या बहिणीकडे, सुमनकडे.

लहानपणी मी तिच्यासोबत जायचो. वर ऊन डोळ्यांत यायचं, फळ नीट दिसायचंही नाही. पण हूक फळाला टेकला की ती म्हणायची, "ह्यो ऱ्हाऊ दे. लई कवळाय."

"तुला कसं कळलं?"

"हाताला कळतंय की."

हात तर खाली, जमिनीपाशी! पण यात काही चमत्कार नव्हता. मी स्वतः अंधाऱ्या कोपऱ्यातल्या बोल्टला पाना लावून सांगतो की याचे आटे गेलेत. पान्याच्या टोकाशी माझी बोटंच असतात म्हणा ना. म्हणजे मला हे इतरांपेक्षा जास्त कळायला हवं होतं.

ती आकडी आमच्या पडवीत दोन खिळ्यांवर आडवी असायची आणि हातभर बाहेर रोडकडे यायची. गिऱ्हाईकं चेष्टा करायची — "राव, खोडदच्या दुर्बिणीची अँटिना बसवली काय घराला?" मी हसायचो, पण मनातून चडफडायचो.

मागच्या वर्षी शिवरात्रीच्या आधी माझ्या मुलीला, प्राजक्ताला बघायला आळेफाट्याहून पाहुणे येणार होते. मुलाचे वडील ट्रान्सपोर्टवाले, दोन मजली बंगला. मी आईला सांगितलं, "चार दिवस सुमनकडं जाऊन ये, तिला बरं न्हाई." सुमन ठणठणीत होती. खरं लिहितो... मला आकडीची नाही, आईची लाज वाटली होती. तिच्या भेगाळलेल्या हातांची, बोलण्याची. नातीला बघायला येणार आणि आजी घरात नको, हे मी ठरवलं होतं.

रविवारी सकाळी पडवी झाडून घेतली. आकडी आडवी यायला लागली. कुठे आत मावेना. मी हॅक्सॉ काढला, बुडाकडून मोजून एक काप घेतला. ब्लेड तुटलं, दुसरं लावलं, दुसरा काप घेतला. तीन तुकडे जुन्या टायरांच्या मागे टाकले आणि हात धुवायला गेलो. तेवढ्यात सुमनचा फोन.

"दादा, आईला काय झालंय बघ. तांदूळ निवडत व्हती, एकदम वराडली. उजवा हात धरून बसली. जरा निवलं म्हणस्तोवर परत वराडली."

"कुठं दुखतंय?"

"त्येच तर कळंना. हातात न्हाई म्हणती. हाताच्या पुढं दुखतंय म्हणती... पयल्यांदी चुलीपाशी बोट दाखवलं, मग पार उंबऱ्यापाशी. तितं काय हाय दादा? तितं काईच न्हाई."

माझे हात ओलेच होते. पाहुणे आले, पोहे खाल्ले, गेले. मी काय बोललो ते मला आठवत नाही. ते स्थळ पुढे जमलंही नाही.

दुसऱ्या दिवशी आईला आणायला गेलो. खिशात गॅरेजचा टेप होता. ती अंघोळीला गेल्यावर तिच्या बसण्याच्या जागेपासून मोजलं. चुलीपर्यंत सव्वापाच फूट, उंबऱ्यापर्यंत साडेदहा. घरी येऊन तुकडे जोडून ठेवले, बुडापासून दोन्ही काप मोजले... तेच माप, बोटभर इकडे-तिकडे. आईने आकडीचं नावही काढलं नाही. मीच म्हणालो, "वाळवी लागली व्हती, टाकून दिली."

ती "बरं" म्हणाली.

तेव्हापासून तिचा हात चुकायला लागला. चहाचा कप उचलायला जायची आणि कपाच्या वीतभर अलीकडेच मूठ मिटायची. "पोचला असं वाटतंय, पन पोचत न्हाई," म्हणायची. वय झालं म्हणून मी दोनदा खेकसलोसुद्धा.

प्राजक्ता पुण्याला फिजिओथेरपी शिकते. तिने समजावलं की मेंदूत आपल्या शरीराचा एक नकाशा असतो. वर्षानुवर्षं एखादं हत्यार हातात असलं की मेंदू ते हाताचाच भाग धरतो, हात लांब झालाय असं समजतो. हात तुटलेल्या माणसाला नसलेला हात दुखतो, तसंच. मला हायसं वाटलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं — आकडी कापली हे आईला माहीतच नव्हतं. ती डोंगरावर होती, मी शिनोलीत.

यंदा होळीनंतर मी चांगला सरळ बांबू आणला, सळई तापवून हूक वाकवला, नवी आकडी केली. आईच्या हातात दिली. तिने उचलून तोलली, हळूच आंब्याच्या डहाळीला टेकवली आणि मला परत दिली.

"ब्येस झालीय. पन ही तुजी हाय."

"आये, ती जुनी..." मी सुरुवात केली. वाळवीचं पुढे तोंडातून येईना.

तिने उजवा हात मांडीवर ठेवला, डाव्याने चोळत राहिली. रागावली नव्हती.

"कापायच्या आदी हाक मारायचीस बाबा. म्या हात बाजूला घेतला आसता."

तिला कोणी सांगितलं, मी आजवर विचारलेलं नाही. सांगणारं कोणी नव्हतंच, घरातही मी सगळ्यांना वाळवीचंच सांगितलं होतं. याचं काही स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. हल्ली तिचा कप मीच उचलून तिच्या हातात देतो. माफी मात्र अजून मागता आलेली नाही.