गाव विचारलं की सातारा

तुकोजीराव जगदाळ्यांना कुणी गाव विचारावं आणि त्यांनी ग्वाल्हेर म्हणावं? छे, नाव काढू नका! जन्म ग्वाल्हेरच्या लश्कर भागातला, शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान इंदरगंजात, भांडायचं ते हिंदीत. पण गाव सातारा. पणजोबांचे पणजोबा शिपाईगिरीला तिकडून आले, त्यानंतर एकाही जगदाळ्याने परत जाऊन बघितलं नव्हतं. साताऱ्याला गाडी कुठून सुटते हेसुद्धा तुकोजीरावांना, म्हणजे घरच्यांच्या आबांना, ठाऊक नव्हतं.

नात गरिमा युक्रेनला डॉक्टरकी शिकत होती. तिकडे युद्ध पेटलं. आपल्या सरकारने जाहीर केलं, सीमा ओलांडून या, पुढे दिल्लीपर्यंत विमान आमचं. तिथून ज्या-त्या राज्याने आपली मुलं घरी पोचवायची. घरच्यांनी भरायचा फॉर्म आला. मुलाने, अंशुलने, हात पुढे केला तर आबा खेकसले, "तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय!" आणि घरच्या गावाच्या रकान्यात, लग्नपत्रिकेत घालतात तस्सं वळणदार लिहिलं: सातारा, महाराष्ट्र.

पोरगी पाच दिवस थंडीत चालली, तळघरांत झोपली. सहाव्या दिवशी दुपारी दिल्लीहून फोन आला.

"आबा, ये लोग मुझे पुणे भेज रहे हैं! एमपीच्या यादीत माझं नावच नाहीये. तुम्ही लिहिलं काय होतं?"

शांताताई नवऱ्यावर कडाडल्या, "पन्नास वर्षं ऐकतेय तुमचा सातारा! जा आता, आणा तिकडून नातीला!"

गरिमाने फोन विमानतळावरच्या महाराष्ट्राच्या टेबलावरच्या साहेबांना दिला. माणूस भला होता. "आजोबा, पुण्याचं विमान तासाभरात सुटेल. पासपोर्टवर ग्वाल्हेर, फॉर्मवर सातारा. फॉर्म तुम्ही भरलाय, तर तुम्हीच सांगा. हिचं घर कुठलं धरू?"

अंशुल फोन घ्यायला धावला. आबांनी दिला नाही. उभ्या जन्माची ऐट आडवी आली. बिचारे दोनदा खाकरले. मागून गरिमाचा आवाज आला, "आबा, प्लीज. मला घरी यायचंय." तेव्हा मात्र म्हातारा भडभडून रडला. साताऱ्याच्या माणसाने असं रडू नये, हेही विसरला.

"साहेब, सातारा आम्ही नुसता सांगतो हो," ते म्हणाले. "तिची वाट इथे बघतोय."