पहिला घास कुत्र्याचा

माझी परीक्षा कुत्र्याने घेतली. शाळेच्या पडवीत, भर दिवसा.

पडवीत खुर्च्या टाकून शाळा समितीची सात माणसं बसली होती. मी खाली, उकिडवी. माझ्यापुढे पातेलं, पातेल्यात मी रांधलेली मुगाची खिचडी. शाळेतल्या पोरांचा पोषण आहार शिजवायला ही बाई चालेल का, ते खिचडी चाखून ठरवायचं होतं. वाफ निघत होती. चाखायला कुणी हात पुढे करेना. मुख्याध्यापक गुरुजी चष्मा पुसत बसले. पुसून झाला तरी पुसतच होते.

समितीचे अध्यक्ष शेठ. गावची निम्मी जमीन त्यांची, तिच्यावर आता गोडाऊन उभी आहेत. शेठ म्हणाले, "तं मग चाखायची कोणी?"

कोपऱ्यातला एकजण म्हणाला, "कातकरणीच्या हातची हाय. उंदीर सोलते त्याच हातांची."

सगळे हसले. शेठनी तोंडाने शीळ घातली. शाळेच्या आवारात वाघ्या नावाचं एक बेवारशी कुत्रं असायचं, ते शेपूट हलवत आलं.

"घाल त्याला. त्यानं खाल्लं तं तू पास."

मी पळसाच्या पानावर घातली. कुत्र्याने नाक लावलं, चटका बसला, मागे सरला. आणि मग मी काय केलं? हे मी खरं लिहिणार आहे. मी वाकले आणि त्या पानावर फुंकर घातली. कुत्र्यासाठी. एकदा नाही, चार-पाच वेळा. मनात म्हणत होते, खा रे बाबा, खा, तुझ्या पाया पडते.

त्याने खाल्लं. पान चाटलं. गुरुजींनी कागदावर लिहिलं, 'चव समाधानकारक'.

मी हात जोडले. समितीला जोडले, आणि मला दाट संशय आहे की थोडे कुत्र्यालाही जोडले. वाडीवर पळत गेले. "पास झाले, पास झाले!" घरोघर गूळ वाटला. केवढी अक्कल त्या बयेला! आज नातवंडं विचारतात, आजी तू कुठली परीक्षा पास झालीस, तेव्हा मी सातवी सांगते. आश्रमशाळेची. आठवी वीटभट्टीने खाल्ली.

मला घेतलं कशाला, तेही सांगते. गावच्या बायांना सकाळी सातला गोडाऊनची बस न्यायला यायची. शिफ्ट करायची, पॅकिंग करायचं, पंख्याखाली उभं राहायचं. शाळेच्या चुलीशी मरायला कोण येणार? आणि सरकारी कागदात होतं की जिचं मूल शाळेत, तिला आधी घ्या. माझी लेक नुकतीच पहिलीत घातली होती. हे काम मिळालं नसतं तर दिवाळी झाली की आम्ही सगळे वीटभट्टीवर. सहा महिने. पोरीचं नाव पटावरून गेलं असतं, माझं गेलं तसंच. म्हणून फुंकर. तेवढीच काय ती त्या येडीच्या बाजूने सांगण्यासारखी गोष्ट आहे.

कुणी विचारलं नाही, बाई, तू हात कशाने धुतेस. तुला खोकला आहे का. चुलीशी पदराने पेट घेतला तर आधी काय करशील. शंभर पोरांची डाळ कधी शिजवलीस का. जात तेवढी बघितली. कुत्र्याला बिचाऱ्याला ती कळत नव्हती, म्हणून मी पास झाले.

गुरुजी नियमाचे पक्के. जेवण वाढायच्या अर्धा तास आधी चव घ्यायची आणि रजिस्टरला नोंद करायची, असा नियम. मग रोज साडेअकराला एक पळी वाघ्याला. अर्धा तास वाट बघायची. वाघ्या उभा असला की रजिस्टरला 'चव चांगली', खाली गुरुजींची सही.

आता अर्धा तास कुत्र्याकडे बघत कोण बसणार? गुरुजी म्हणाले, "पोरीला बसव. आईच्या कामाला हातभार नको का?"

माझी लेक पायरीवर बसायची, हनुवटी गुडघ्यावर ठेवून. बारा वाजले की वर्गाच्या दारात जाऊन ओरडायची, "वाघ्या जिता हाय, गुरुजी!" सगळा वर्ग हसायचा. चुलीशी बसून मीही हसायचे. छाती फुगायची माझी. आमच्या सात पिढ्यांत शाळेत एवढ्या मोठ्याने कोण बोललं होतं?

ती तिसरीत गेली तेव्हा एकदा शाळेत अंडी आली. मी म्हटलं, बाय, टोपलीतली अंडी मोज. बारापर्यंत मोजली आणि अडली.

"पुढं?"

"पुढचं शिकवलं तवा मी वाघ्याकडं व्हते."

साडेअकरा ते बारा गणिताचा तास असायचा. दोन वर्षं रोज.

मी काय करावं? मी तिच्या कानाखाली वाजवली. "तुजं ध्यानच न्हाय अभ्यासात!" म्हटलं. गुरुजींना नाही बोलले, शेठला नाही बोलले. मारायला हाताजवळ लेक होती, तिला मारली.

त्या हिवाळ्यात वाघ्या नाशिक हायवेवर कंटेनरखाली गेला. सकाळी बातमी आली, तेव्हा माझी डाळ उकळत होती. साडेअकरा झाले. गुरुजी रजिस्टर घेऊन पडवीत येरझाऱ्या घालायला लागले. शेठ कसल्याशा सहीसाठी आले होते.

"आता वो शेठ?"

"आता काय? पोरगी हाय ना तिची. तिला चार, उभी कर हितं अर्धा तास."

चार, म्हणाले. गुराला चारतात तसं. मी ऐकलं. मी भात कालवला आणि माझ्या हाताने तिला भरवला. मनात काय आलं असेल माझ्या? मला वाटलं, बरं झालं, कुत्र्याची जागा दुसऱ्या कुणाला गेली नाही. बढतीच की!

ती पडवीत उभी राहिली. वर्गाच्या खिडकीला पोरं लोंबकळली.

"मेली काय रं?"

"न्हाय अजून."

पोरं हसतायत बघून तिलाही चेव आला. जीभ बाहेर काढून, डोळे फिरवून ती पडवीत आडवी झाली. हातपाय झाडले. पोरांनी टाळ्या पिटल्या. गुरुजी हसले. मीसुद्धा हसले, पदर तोंडाला लावून. मग ती उठली, फ्रॉक झटकला. 'चव चांगली'. सही.

महिनाभर रोज हे चाललं. रोज मी भरवलं.

मग प्रशिक्षण आलं. चूल पेटवून दोन वर्षं झाल्यावर सरकारला आठवलं की या बायांना काही शिकवायचं राहिलं. भिवंडीत एका हॉलमध्ये सगळ्या तालुक्याच्या स्वयंपाकिणी बोलावल्या. ठाण्याहून एक तरुण मॅडम आल्या होत्या. नखं कापा. केस बांधा. खोकला असेल तर पातेल्यापाशी जाऊ नका, सुट्टी घ्या. उरलेली डाळ दुसऱ्या दिवशीच्या डाळीत ओतू नका.

मी खाली बघितलं. दोन वर्षं मी उरलेली डाळ दुसऱ्या दिवशीच्या डाळीत ओतत होते. अन्न वाया घालवायचं नाही म्हणून. वर कौतुक करून घ्यायचे. पोरं धडधाकट राहिली ती माझ्या नशिबाने. ते उंदराबद्दल बोलत बसले आणि शिळ्या डाळीबद्दल कुणी बोललं नाही.

मॅडमनी विचारलं, "तुमच्याकडे चव कोण घेतं?"

कुणी म्हणाली गुरुजी, कुणी म्हणाली बाई. मला चारचौघांना हसवायची खोड लहानपणापासून. मी उभी राहिले. "आमच्यात आधी कुत्रा घ्यायचा. तो मेला. आता माझी पोरगी घेते."

हॉल हसला. मी हसले. माझ्या शेजारी यंत्रमागांच्या वस्तीतल्या शाळेची एक बुरखेवाली बाई बसली होती, सकाळपासून माझ्याशी गप्पा मारत होती. ती हसली नाही. हळूच म्हणाली, "अपनी बच्ची को? खिलाता कौन है?"

मी म्हटलं, "मैं. अपने हाथ से."

तोंडातून गेलं ते. गेलेलं मी ऐकलं. दोन वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. तिने माझा हात धरला. बोलली असती तर मी थट्टेवारी नेलं असतं, माझी जात मला माहीत आहे.

मॅडमनी कागद वाचून दाखवला. चव स्वयंपाकिणीने घ्यायची, एका शिक्षकाने घ्यायची, एका पालकाने घ्यायची. मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मोठ्या माणसांनी, मावशी. लेकरानं नाही." मी झेरॉक्स मागून घेतली. भिवंडीहून परत पडघ्याला येईस्तोवर टमटममध्ये तीनदा वाचली. सातवीचं वाचन, अडखळत, पण सगळी वाचली.

दुसऱ्या दिवशी डाळ-भात झाला. गुरुजी आले.

"पोरीला बोलव."

"पोरगी गणिताला बसलीय. तुमी या, गुरुजी. चमचा धुतलाय."

गुरुजींचे कान लाल झाले. त्यांनी फोन लावला. शेठ मोटारसायकलवर आले.

"लय शिकून आली वाटतं भिवंडीवरनं?"

मी कागद पुढे केला.

"मला कागद दाखवते? उद्या दुसरी बाई आणून ठेवीन."

"आणा. तिच्या हातचं पण आधी तुमीच खा."

मी पातेल्याच्या झाकणावर हात ठेवून बसले. झाकण तापलेलं होतं. पदर मध्ये घ्यायचं सुचलं नाही मला. बारा वाजले. साडेबारा. पोरं ताटल्या घेऊन रांगेत उभी. ताटल्या वाजवायला लागली. पहिलीतलं एक पोरगं रडायला लागलं. "मावशी, भूक लागली." रांगेत माझी लेकही होती. तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, घरात काही नव्हतंच.

माझा हात उठत होता. लिहिते तेही. झाकण अर्धा इंच वर आलं होतं.

मी ते खाली दाबलं आणि त्या पोराला म्हटलं, "गुरुजींना विचार. ते खातील, मग तुमी."

ते रडतरडत गेलं. "गुरुजी, खा ना." मग दुसरं गेलं. मग सगळी रांगच वळली. "गुरुजी, खा ना, भूक लागलीय." शेठच्या घरचं पोरगंही त्यात होतं.

गुरुजींनी एक चमचा तोंडात घातला. गालात धरला. तसेच भिंतीमागे गेले. थुंकल्याचा आवाज आला. मग नळ सुटला. चुळा भरल्या, एक, दोन, तीन. घशात बोट घालून ओकारी काढली. शंभर पोरं ऐकत होती.

माझी लेक जवळ आली. "आई, तिखट झालं काय गं?"

"न्हाय बाय. मीठ-मिरची बरोबर हाय."

मी वाढलं. पोरांनी खाल्लं.

आठ दिवसांत ठराव झाला. अस्वच्छता आणि उद्धटपणा. मला सही करायला सांगितलं. मी सही केली आणि खाली माझ्या अक्षरात लिहिलं, 'गुरुजी चव घेत नाहीत. कुत्रा घेत होता. मग माझी मुलगी घेत होती.' तो कागद त्यांनी फाडला असणारच.

त्या वर्षी आम्ही दोघं नवराबायको वीटभट्टीवर गेलो. लेक नेली नाही. माझ्या आईपाशी वाडीवर ठेवली. जाताना शाळेच्या दारात उभी राहून गुरुजींना सांगून गेले, "ती रोज येणार. पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत वर्गात बसणार. पायरीवर दिसली तर मी भट्टीवरून चालत येईन." ती पावसाळ्यापर्यंत माझ्याविना राहिली. तापाने फणफणली तेव्हा मी चिखल तुडवत होते. मला पंधरा दिवसांनी कळलं.

जूनमध्ये मला परत घेतलं. मी जिंकले असं कुणी समजू नका. आणलेली बाई गोडाऊनला पळाली आणि दुसरी मिळाली नाही, एवढंच.

तेव्हापासून पातेलं माझ्याकडेच आहे. लेकीचं लग्न झालं, तिची लेक याच शाळेत पहिलीत आहे. गुरुजी किती आले, किती गेले. कुणी पोटभर खाल्लं. कुणी जिभेचं टोक ओलं केलं. मला तोंडावरून कळतं. नवी स्वयंपाकीण आली की तिची नखं, तिचा खोकला, तिची डाळ आधी मी तपासते, मी कुणाला सोडत नाही. आणि मग खुर्चीवरच्यांना चमचा देते.

यंदाचे गुरुजी गोड बोलणारे आहेत. मला आजी म्हणतात. मोबाइलवर असतात. महिनाभराच्या सह्या रजिस्टरला आधीच करून ठेवतात. घरचा डबा खातात. परवा मी चमचा पुढे केला तर हसून म्हणाले, "आजी, तुमच्या नातीलाच द्या ना चमचाभर. तिला किती आवडतं!"

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मला ठाऊक आहे. शेठपेक्षा या हसण्याची मला जास्त भीती वाटली.

मी म्हटलं, "गुरुजी, फोन खाली ठेवा."

ते ठेवत नाहीत. आज तिसरा दिवस. रोज ते शेवटच्या मिनिटाला एक शीत उचलतात आणि मी म्हणते, गिळा, माझ्यासमोर. उद्या तेही करणार नाहीत, असं शिपायाकडून कळलंय. समितीला सांगणार आहेत, म्हातारी पोरांना उपाशी ठेवते.

ठेवणार. त्यांचा घास घशाखाली उतरेपर्यंत झाकण उघडणार नाही. एक वाजो, दोन वाजोत. रांगेत माझी नात असेल, तिला भूक सोसवत नाही, ती रडेल, माझा पदर ओढेल.

रडू दे.