भिंगरीचा निळा पोशाख

लिही बाळा, मी सांगते तसंच लिही, शहाणपणा करून सुधारू नकोस. तुझ्या आजोबांची बहीण, म्हणजे माझी नणंद, तिला सगळे भिंगरी म्हणायचे. जिम्नॅस्टिकमध्ये पहिली यायची. तेव्हा त्या खेळात चांगल्या भरल्या अंगाच्या बायका असायच्या. लग्नाचं वय झालं तरी हिच्या दांड्यावरच्या गिरक्या चालूच. सासूबाई म्हणायच्या, हिला सासरी धाडायची तर दांड्यासकट धाडावी लागेल. लग्न काही झालं नाही, आमच्याच घरी राहिली.

मग काळ फिरला. चिमणीएवढ्या पोरी आल्या. जितकी लहान तितकी बरी, हवेत हलकी फिरते म्हणे. भिंगरी पूर्वी जिथं खेळायची त्याच हॉलमध्ये कामाला लागली. गाद्या झटकायच्या, हाताला लावायची पांढरी पूड भरून ठेवायची. तिचा जुना निळा पोशाख तिथल्याच कपाटात पडून होता. एकदा पोरींना तो सापडला. दोघी एकदम त्यात शिरल्या आणि हसत गादीवर लोळल्या. कुठल्या म्हशीचा गं हा, म्हणाल्या. भिंगरी आपली गाद्या झटकत राहिली. घरी येऊन मला सांगितलं, पण माझ्याकडे बघेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं, म्हणाली. तेव्हापासून ताटावरनं अर्ध्या पोटी उठायला लागली. त्या वयात! मी म्हटलं, आता काय पाखरू होऊन उडायचंय का? हसली नाही.

त्यातलीच एक पोरगी बघता बघता ताडमाड वाढली. शिकवणाऱ्या सरांनी सगळ्यांदेखत तो निळा पोशाख कपाटातून काढला, तिच्या अंगाला लावून पाहिला. म्हणाले, अशीच खात राहा, हाच घालावा लागेल. पोरीनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बॅग भरायला लागली, परत यायचंच नाही म्हणून.

भिंगरी पोशाख घेऊन तिच्या मागं गेली. तिला थांबवायचं होतं. धीर करून म्हणाली, "पोरी, हा माझा आहे. हा घालून मी पहिली आले होते."

पोरगी आधी पोशाखाकडे बघत राहिली, मग हिच्याकडे.

"मग आम्ही हसलो तेव्हा का नाही बोललात?"

भिंगरी पोशाखाची घडी घालायला लागली. पोरीनं बॅग उचलली नि निघून गेली.

भिंगरी हॉलमध्ये आली. सरांसमोर, पोरींसमोर पोशाख धरून म्हणाली, ती म्हैस मी. कुणी हसलं नाही. सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत बसले. पण जिनं ऐकायला हवं होतं ती केव्हाच रस्त्यावर पोचली होती.

आता पुन्हा मोठ्या बायका खेळतात. परवा टीव्हीवर एक बाई, चांगली लेकुरवाळी, दांड्यावर गरगर फिरत होती. मी हाक मारली, अगं ये, तुझ्यासारखीच आहे बघ. भिंगरी आली, दारातच उभी राहिली.

म्हणाली, "ती पोरगी बघत असेल का हे, वहिनी?"