हवा भरण्याचं व्रत

लेंटमध्ये लोक मटण सोडतात. आमच्याकडे मटण पगाराच्या रविवारी तेवढं शिजायचं, तेव्हा ते सोडण्यात कसला आलाय त्याग, असं आईचं म्हणणं. "जे ताटात नाहीच ते सोडलं म्हणून देवाला काय सांगता?" ती विचारायची. म्हणून ईस्टरच्या आधीचे ते चाळीस दिवस आमच्या घरात सोडण्याचे नसायचे, करण्याचे असायचे. रोज दुसऱ्यासाठी एक काम. लहानसंच. कोणाची बादली उचलून दे, कोणाचं दळण आणून दे. अट एकच. केलेलं कोणाला सांगायचं नाही, घरातसुद्धा नाही.

"सांगितलं की त्याची मजुरी इथंच मिळून गेली," आई म्हणायची. "मग वर काय जमा होणार?"

बाबा खाटेवर पडल्या पडल्या म्हणायचे, "माझ्यासाठी बी एक काम करत जा. न बोलता चहा देत जा."

"ते चाळीस दिवस नाही जमायचं," आई म्हणायची.

जबलपूरच्या तोफांच्या कारखान्याच्या क्वार्टरांत आम्ही राहायचो. आमच्या लाइनीत मराठी घरं चार-पाच, बाकी सगळे यू. पी., बिहार, बंगालकडचे. ख्रिस्ती आम्ही एकटेच. नाताळचा केक साऱ्यांना ठाऊक होता, लेंट कोणालाच नाही. लेंट सुरू होतं त्या राखेच्या बुधवारी कपाळावर चर्चमधली राखेची खूण घेऊन मी नळावर गेलो की समोरच्या काकू दरवर्षी पदराने ती पुसायला येत. "काय रे, चुलीत डोकं घातलं होतं का?"

मी सांगतोय ते चीनच्या लढाईनंतरचं लेंट. लढाई थांबून काही महिने झाले होते, पण कारखान्याला कोणी ते सांगितलं नव्हतं. भोंगा वाजतच होता. बाबांची पाळी सुरू व्हायची वेळ ठाऊक, संपायची नाही. माणसं ओव्हरटाइम करून यायची, सायकल व्हरांड्याच्या खांबाला टेकवायची, बुटांसकट खाटेवर आडवी व्हायची. पहाटे पुन्हा भोंगा. मग साऱ्या लाइनींमधून सायकली निघायच्या आणि मोठ्या रस्त्यावर त्यांचा असा काही लोंढा व्हायचा की पलीकडे जायचं तर गाईंनाही उभं राहावं लागे. घंट्या, खोकले, डब्यांचे आवाज. हँडलला लटकलेल्या पिशवीतून भाजीचा वास मागे येत राहायचा. तो वास आजही मला कुठे आला तर मी वळून बघतो.

त्या सायकलींच्या ट्यूबा जुन्या, ठिगळांनी भरलेल्या. रात्रीतून हवा उतरायची. पहाटे पंक्चरवाला उघडलेला नसायचा, आणि गेट बंद झालं की अर्धा दिवस गेला. आमच्याकडे बाबांचा पितळी पंप होता. लाइनीतला चांगला म्हणता येईल असा तो एकच. मी मॅट्रिक होऊन कारखान्यात अ‍ॅप्रेंटिस लागायची परीक्षा देऊन बसलो होतो. निकालात नाव आलं होतं, पोलीस चौकशी तेवढी बाकी. दुसरं काही काम नव्हतं. मला वाटलं, हेच आपलं लेंट. रोज भोंग्याच्या आधी उठायचं आणि लाइनीतल्या सायकलींत हवा भरून यायची. कोणाला कळणार नाही, आणि सगळ्यांना वेळेवर गेट मिळेल.

पहिल्याच पहाटे तोंडावर टॉर्चचा उजेड पडला.

"कौन है?"

आमचा चौकीदार. नेपाळकडचा, घरटी वर्गणीवर ठेवलेला. रात्रभर विजेच्या खांबावर काठी आपटत फिरायचा. डोळे बारीक म्हणून त्या वर्षी पोरं त्याला 'ए चीनी' म्हणून हाका मारायची. तो काठी उगारून हसायचा, "चीनी नहीं, नेपाली! चीनी तो चाय में डालते हैं!"

"मी आहे भैया. हवा भरून राहिलो." घाबरून मी मराठीतच बोललो, मग हिंदीवर आलो. "हमारा व्रत चल रहा है. किसी को बताना नहीं, नहीं तो टूट जाएगा."

"हवा भरने का व्रत?" तो एवढा हसला की त्याला खोकला आला. मग गंभीर होऊन म्हणाला, "व्रत है तो नहीं बताएगा."

त्यानंतर तो रोज टॉर्च धरायचा. अंगठ्याने टायर दाबून बघायचा. "ये वाला भूखा है, बाबू." पंपाची फुसफुस, त्याच्या अंगाचा विडीचा वास, महुआच्या झाडाखाली पडलेली फुलं उचलून तोंडात टाकायची त्याची सवय. मला आठवतं, मी त्या पहाटांची वाट बघत झोपायचो. आई मला सकाळी बघून काही विचारायची नाही, फक्त पोळीला तूप जरा जास्त लावायची. तेवढंच तिचं बोलणं.

समोरच्या काकांचा मागचा टायर झिजून कागद झाला होता. आतून चामड्याचा तुकडा लावून ते चालवत. एका पहाटे मी त्यात कडक हवा भरली. चौकीदार म्हणाला होता, "बस, बाबू." मी आणखी चार दट्टे मारले. बाकीच्या सायकली टणक झाल्या होत्या, तीच एक मऊ कशी राहू द्यायची?

उतारावर तो टायर फुटला. बंदुकीसारखा आवाज झाला म्हणे. काका पडले, मनगट मोडलं, मागून येणारे दोघे त्यांच्यावर आले. ओव्हरटाइमच्या दिवसांत उजवा हात गळ्यात बांधून काका घरी बसले.

संध्याकाळी महुआखाली लाइन जमली. एकाने सांगितलं, माझ्या व्हॉल्व्हचं टोपण मागच्या आठवड्यात खाली पडलेलं मिळालं. दुसरा म्हणाला, माझंही. बघता बघता ठरलं की सायकलींना कोणीतरी हात लावतंय. आणि कारखान्याच्या माणसांच्या सायकलींना अशा दिवसांत कोण हात लावेल? रेडिओ रोज सांगत होता, अनोळखी माणसांपासून सावध राहा.

चौकीदाराला बोलावलं.

"रात भर तू रहता है. किसको देखा?"

"किसी को नहीं देखा, साब."

"मग भूत आलं होतं का?" काका म्हणाले. "नीट सांग. कोणी येऊन राहिलं का पहाटेचं?"

"कोई नहीं, साब."

मी बाबांच्या मागे उभा होतो. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मी दिसेन अशा बाजूला त्याने मानच वळवली नाही. त्याने जर एकदा बघितलं असतं, तर मी बोललो असतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मी बोललो नसतो. माझ्या डोक्यात पोलीस चौकशी होती. रात्री-अपरात्री कारखान्याच्या माणसांच्या सायकली हाताळणारा मुलगा, त्यातली एक फुटलेली. कोण घेणार त्याला? आणि दुसरं, जास्त लाजिरवाणं: मनात मी आईच्या अटीचाच आडोसा घेतला. सांगायचं नसतं. सांगितलं तर व्रत मोडतं. इतका पवित्र भित्रेपणा मी पुढे कधी पाहिला नाही.

"किसी को नहीं देखा, तो तू ही है," कोणीतरी म्हणालं. "शक्ल देखो इसकी." बाबा पुटपुटले, "अहो, माणूस तसा नाही वाटत." पण तेवढंच. दुसऱ्या दिवशी त्याने जावं असं ठरलं. पोलिसांत देत नाही हेच उपकार.

सकाळी तो वळकटी खांद्यावर घेऊन लाइनीच्या तोंडाशी दिसला. मी दुधाची किटली घेऊन जात होतो. थांबलो.

"व्रत कितना बाकी है, बाबू?"

"एक हफ्ता."

"पूरा करना," तो म्हणाला. चेष्टेने नाही. आणि स्टेशनच्या रस्त्याला लागला.

मी पुरं केलं नाही. पंपाला हातसुद्धा लावला नाही. झावळ्यांच्या रविवारी, उत्तम शुक्रवारी म्हणजे गुड फ्रायडेला मी चर्चमध्ये आईशेजारी बसलो. ईस्टरला नवा शर्ट घातला. पाळकसाहेबांनी हात मिळवला.

पंप थांबल्यापासून पहाटेची कुरकुर होतीच, ईस्टरनंतरच्या आठवड्यात तिची बोंबाबोंब झाली. हवा नाही. ह्याच्यात नाही, त्याच्यात नाही. दोघांचं गेट चुकलं. लोक आमच्या दारात येऊन पंप मागू लागले. तेव्हा नळावर समोरच्या काकूच म्हणाल्या, "मी सांगू का? तो चौकीदार होता तवा टायर कसे टणक राहायचे. तो हवा सोडत नव्हता. भरून राहिला होता."

"मग सांगितलं काहून नाही त्यानं?" काकांनी व्हरांड्यातून विचारलं.

"सांगून करणारे वेगळे असतात," काकू म्हणाल्या. "देवमाणूस होता. आपण हाकलला."

दोन दिवसांत साऱ्या लाइनीत तेच. देवमाणूस. बिचारा रात्रभर फिरून वर आपल्या सायकली भरायचा, तोंडातून एक शब्द नाही. काकांना तर डोळे पुसताना मी पाहिलं.

आणि इथे मला ते लिहायचं आहे, ज्यासाठी एवढं लिहिलं. त्याची बदनामी होत होती तेव्हा माझी जीभ हलली नव्हती. त्याचं कौतुक होऊ लागलं तेव्हा मला राहवेना. माझं काम. माझ्या पहाटा. माझे दुखलेले दंड. मला हेवा वाटला, त्याचा, ज्याची नोकरी मी घालवली होती. त्या संध्याकाळी आई तांदूळ निवडत बसली होती. मी म्हणालो, "आई, तो नव्हता. हवा मी भरत होतो."

तिने सुपातून मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला, हे मी पाहिलं. तो एक क्षण होता. मग ती मोजू लागली असावी, कधी काय झालं ते.

"काकांच्या सायकलीत?"

"हो."

"त्याला माहीत होतं?"

"तो टॉर्च धरायचा."

ती उठली. पदर खोचला, चपला शोधल्या. "चल."

"कुठे?"

"समोर. मग पलीकडे. साऱ्या लाइनीत. चल."

"आई, माझी पोलीस चौकशी झाली नाही अजून."

ती दारात उभी राहिली. बाहेर काकूंच्या शेगडीचा धूर येत होता, बाबा पाळीवरून यायचे होते. मी जागचा हललो नाही. ती एकटी जाऊ शकत होती. गेली नाही. चपला काढून परत सुपाशी बसली आणि उरलेले तांदूळ निवडले. माझी नोकरी वाचवण्यासाठी तीही गप्प राहिली, आणि गप्प राहणं तिला माझ्याइतकं सोपं गेलं नसणार.

चौकशी झाली. काकांनीच शिपायाला सांगितलं, मुलगा चांगला आहे, लहानपणापासून बघतो. मी कारखान्यात लागलो, अजून तिथेच आहे. काका गेले, काकू गेल्या, बाबांमागून आईही गेली. चौकीदाराचा गाव कोणालाच ठाऊक नव्हता.

पुढची सगळी वर्षं आई लेंटमध्ये मटण सोडायची. तेवढंच. कोणासाठी काय करायचं, ते तिने मला पुन्हा कधी सांगितलं नाही.